जिथं जीव गुंतलाय तेवढंच

पैसे खाणारा बुवा परवडला बाई. तो निदान कळतो तरी. पेटी ठेवतो, लोकं पेटीत टाकतात, एक दिवस पेटी घेऊन पसार होतो, गाव चार दिवस शिव्या घालतं आणि पुन्हा आपल्या कामाला लागतं. आमच्या गावाला जो मिळाला त्यानं कुणाकडून कधी एक आणा घेतला नाही. सोनं नाही, जमीन नाही, बायकांकडं वाकडी नजर नाही. मासळी खायचा नाही, आणि चोरूनही खायचा नाही. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझी नातवंडं ही गोष्ट ऐकताना वाट बघत बसतात की आता बुवा कुठंतरी रंगेहाथ पकडला जाणार. नाही रे बाबांनो, पकडला गेला नाही. पकडण्यासारखं त्यानं काही केलंच नाही.

मी त्याला 'तो' म्हणते. आई असती तर तोंडात मारली असती. ती 'बुवा' म्हणायची, आणि तेसुद्धा डोक्यावरचा पदर सारखा करून.

आता जिथं सेक्टर आहेत, सोसायट्या आहेत, माझ्या मुलाची गाडी लावायला जागा मिळत नाही म्हणून रोज भांडणं आहेत, तिथलीच ही गोष्ट. तेव्हा नवी मुंबई हे नाव कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. खाडी, मिठागरं, बांधाच्या आडची भातशेती आणि आमची आगऱ्या-कोळ्यांची गावं. मुंबईला जायचं तर होडीनं. असं असताना महाप्याच्या बाजूला रस्त्याचं काम निघालं आणि खडी फोडणाऱ्यांची एक टोळी आमच्या शिवेवर उतरली. तो त्या टोळीची हजेरी घ्यायचा. घाटावरचा माणूस, चाळिशीचा, उंच, जरासा वाकलेला. अंगात खाकी कोट आणि गळ्यात दोरीला बांधलेली शिट्टी. टोळी पुढं गेली आणि तो मागं राहिला. एक मिठाचं कोठार रिकामं पडलं होतं, त्यात त्यानं चटई टाकली. का राहिलास म्हणून कुणी विचारलं नाही. आमच्याकडं असल्या गोष्टी विचारत नाहीत, जेवलास का एवढंच विचारतात.

तऱ्हेवाईक म्हणजे किती असावा! वैशाखात खाडीकाठी घामाच्या धारा लागतात, पुरुष माणसं कमरेच्या वर काही घालत नाहीत, आणि हा गळ्यापर्यंत बटणं लावून त्या खाकी कोटात. कुणाच्या घरी गेला तर पुढल्या दारानं कधी जायचा नाही. मागून, परसातून, चुलीपाशी यायचा. बायका आधी दचकायच्या. मग सवय झाली. मग पुढलं दार राहिलं बाजूला आणि मागलं दार सारवायला लागल्या. पुढल्या दारानं माणसाचं घर दिसतं, मागल्या दारानं माणूस दिसतो, असं तो म्हणायचा. लोकांना ते फार मोठं वाटायचं. मला वाटतं, मागच्या दारानं आलं की चुलीवर काय शिजतंय, कोण रडून बसलंय, कुणाचं कुणाशी वाजलंय, हे सगळं न विचारता कळतं.

कुणाला नावानं हाक मारायचा नाही. सगळे पाहुणे. सत्तर वर्षांच्या म्हाताऱ्याला त्याच्याच ओटीवर बसून 'या पाहुणे' म्हणायचा. आई त्याची पाहुणीबाई. चहा बशीत ओतून प्यायचा आणि शेवटचा घोट ठेवायचा. तो घोट कुणाला मिळणार यावरून मोठमोठी माणसं एकमेकांकडं बघायची नाहीत. आणि गुरुवारी दुपारी शिट्टी वाजवायचा. अहो, खडी फोडणाऱ्यांना जमवायची शिट्टी ती! ती वाजली की गाव हातातलं टाकून कोठाराकडं चालायला लागायचं. आमच्या शेजारची काकी एकदा नातवाला आंघोळ घालता घालता उठून गेली. पोरगं साबणानं डोळे झोंबतायत म्हणून बोंबलत बसलं, शेवटी मी जाऊन त्याच्या डोक्यावर पाणी ओतलं.

सुरुवात त्यानं कशी केली ते सांगते. उपदेश नाही, कीर्तन नाही, चमत्कार तर नाहीच. कुणाच्याही चुलीपाशी बसायचा, बराच वेळ गप्प राहायचा, आणि मग विचारायचा, "झोप लागती का?"

एवढंच. तुम्ही म्हणाल, यात काय आहे? तर विचारून बघा कधी कुणाला. जेवलास का विचारलं तर माणूस हो म्हणतो आणि सुटतो. झोप लागते का विचारलं की त्याचं तोंड उतरतं. कुणाला कसली काळजी, कुणाला केलेल्या पापाची आठवण. मग तो माणूस बोलायला लागायचा आणि हा ऐकत राहायचा. ऐकायचा मात्र छान, ते कबूल करायला हवं.

आईला त्यानं हे विचारलं तेव्हा वडिलांना जाऊन चार वर्षं झाली होती. वडील मिठागरावर होते, तापानं गेले. तेव्हा आई बत्तिशीची, मी दहाची. तेव्हापासून आई झोपत नव्हती. मी शेजारी असायचे आणि मला ते माहीतच नव्हतं, ही माझी अक्कल. ती त्याच्यापुढं ढसाढसा रडली आणि तो गेल्यावर मला म्हणाली, "मना आजवर कोनी इचारलंच नवतं गो." मला तेव्हा राग आला. आता येत नाही. खरंच कुणी विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.

आणि ती झोपायला लागली. हे नाकारून चालणार नाही. त्याच्याशी बोलून आल्यावर ती पडल्या पडल्या घोरायची. म्हणून तर सगळा घोळ झाला.

आता आईचं सांगायला हवं. आई धवलारीण होती. आमच्या लग्नात आधी धवलारीण, मग बाकी सगळे. मांडवाची मेढ रोवायची तर तिचं गाणं, हळद दळायची तर तिचं, उंबराची फांदी आणायची तर तिचं. त्या गाण्यांना धवले म्हणतात. ती देवांना नावानं बोलावते, गावदेवीला बोलावते, त्या घरातल्या गेलेल्या माणसांना बोलावते, आणि सगळे येऊन बसले की मग लग्न लागतं. आणि ऐका, आई विधवा होती. इतर वेळी विधवा बाई मंगल कामात भिंतीला पाठ लावून उभी. पण धवलारीण विधवा असली तरी चालते आमच्याकडं. मांडवात मधोमध तिचा पाट. नवरदेवाचा बाप वाकून तिला विडा देणार, मग तोंड उघडणार ती. वडील गेल्यावर सगळ्या गावानं तिला बाजूला सारलं असतं. या एका गोष्टीनं तिला मधोमध ठेवलं होतं.

धवला कुठं लिहिलेला नसतो. आणि मांडव नसताना म्हणायचा नसतो. आईची आजी सांगायची म्हणे, मांडव नसताना धवला म्हटला तर देव येऊन उभे राहतात आणि त्यांना बसवायला जागा नसते. त्यामुळं शिकायचं तर लग्नातच, धवलारणीच्या मागं बसून, तिची ओळ धरत. मी बसायचे. पण खरं सांगते, माझं लक्ष नवरीच्या साडीकडं असायचं. आई कोपरानं ढोसायची. मी म्हणायचे, शिकेन गो, लग्नं काय संपणार हायत? सुरुवातीची ओळ तेवढी यायची मला प्रत्येकाची. पुढं आई आहेच की, असं वाटायचं.

बुवाचं मुख्य बोलणं एकच होतं. जिथं जीव गुंतलाय तेवढंच द्या, बाकी तुमचं तुम्हाला. द्या म्हणजे त्याला द्या असं नाही. सोडा. त्याला काही नको होतं, तेच तर ना! कोळीवाड्यातल्या एका म्हाताऱ्याचा जीव होडीत होता. त्यानं होडीत पाय ठेवायचं सोडलं. आयुष्यभर पाण्यावर राहिलेला माणूस उरलेलं आयुष्य धक्क्यावर बसून जाळी शिवत राहिला, ती पण दुसऱ्यांची. एका सुनेचा जीव माहेरात होता, ती तिथं जायची बंद झाली. एक आमचा दूरचा मामा होता, भारी बेरकी. तो म्हणाला, बुवा, माझा जीव सासूत गुंतलाय, तिचं तोंड बघणं सोडू म्हणता तर आत्ता सोडतो. सगळे हसले. बुवा हसला नाही. म्हणाला, मग तिला घरी आणा पाहुणे, आधी जीव नीट गुतू द्या, मग सोडा. मामानं आणली. अकरा वर्षं राहिली ती म्हातारी त्याच्याकडं, मरेपर्यंत. ही गोष्ट सांगताना आम्ही अजून हसतो. पण मामानं ती आणली, हे बघा. नाही म्हणून मोकळा नाही झाला.

आईच्या वेळी मी कोठारात होते. पंधरावं लागलं होतं मला. मिठानं भिंती कायम ओल्या असायच्या, टेकून बसलं की पाठीला पांढरे डाग पडायचे. बुवानं आईला पुढं बोलावलं आणि विचारलं, "पाहुणीबाई, जीव कशात गुतलाय?"

आई म्हणाली, पोरीत.

तो म्हणाला, पोर तुमची कुठं आहे, ती सासरची. दुसरं सांगा.

मला वाटलं आता ती वडिलांचं नाव घेईल आणि सुटेल. त्याला तेच वाटलं असणार. म्हणून त्यानं विचारलं, लग्नात गाताना मालक आठवतात का?

आई खोटं बोलत नसे. तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, "नाय. गाताना मना कोनच आठवत नाय."

"मग तेच," तो म्हणाला.

गावात लग्नं होती, मांडव ठरले होते, बायकांना कळलं की काय मागितलं गेलं. एक जरी उठून म्हणाली असती, बुवा, हे नको, तर? कुणी उठलं नाही. मीही नाही. मला तर आधी कळलंच नाही. त्यानं बशीतला शेवटचा घोट आईला दिला, आणि ती जेव्हा तो प्यायली तेव्हा तिचा चेहरा इतका उजळला होता, की मी खूश झाले हो. आईला घोट मिळाला म्हणून मी खूश झाले.

त्यानंतर पहिलं लग्न पाटलाच्या मुलीचं. पाटील आमच्या उंबऱ्यावर येऊन बसला. म्हणाला, वैनी, तुझ्या सासूनं माझ्या आयशीच्या लग्नात धवला म्हटला, तू नाय म्हनतेस? आई आत भात निवडत होती. तिनं मान वर केली नाही. पाटील तणतणत उठला आणि तसाच कोठाराकडं गेला. मला वाटलं, आता हा बुवाला दोन लगावणार. पाटील तापट होता, आणि गावात त्याच्या शब्दाला वजन होतं. तासाभरानं तो परत आला तो अगदी शांत. बुवानं त्याला विचारलं होतं, झोप लागते का. पाटलाकडं शर्यतीची बैलजोडी होती, पनवेलपर्यंत नाव होतं तिचं. ती जोडी त्यानं त्याच आठवड्यात पलीकडच्या गावात फुकट देऊन टाकली. आईचा आवाज मागायला गेला आणि आपले बैल घालवून आला, असला सगळा तमाशा.

पाटलाच्या मुलीच्या लग्नाला महाप्याची धवलारीण आणली. बरी होती बिचारी, पण गळा बसलेला, आणि पाटलाच्या घरातली गेलेली माणसं तिला माहीत नव्हती. नुसतं 'वाडवडील' म्हणून मोकळी झाली. आई लग्नाला गेली नाही. तिनं पाट्यावर लाल मिरच्या वाटायला घेतल्या. आमच्या घरी वर्षाला लागतात त्याहून जास्त मिरच्या त्या दिवशी तिनं वाटल्या. वाजंत्री वाजली की जोरात, थांबली की हळू. मिरचीनं डोळ्यांतून पाणी येतंय असं मला सांगत होती. पुढं गावात प्रत्येक लग्नाला आमच्या घरी मिरच्या वाटल्या जायच्या.

मी तिला एकदोनदा म्हटलं, आये, मला हळूच कानात सांग, मी म्हणेन, तू नको म्हणू. तर म्हणे, मांडव नसताना सांगायचं नसतं. मग मांडवात सांग म्हटलं, तर म्हणे, मांडवात मी बसायचं नाही. अशी दोन्हीकडून वाट बंद. मला चीड आली की मी भांडी आपटायचे. ती हसून म्हणायची, आपट, फुटली तर घडवून आणू.

एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न ठरलं. रबाळ्याच्या अलीकडचं स्थळ. रस्त्यालगत कारखाने यायला लागले होते, त्यातल्या एकात मुलगा कामाला होता, पँट घालायचा. मला सगळं पसंत होतं. फक्त एक गोष्ट मनात होती आणि ती मी कुणाला बोलले नाही. माझ्या मांडवात माझ्या आईनं तोंड उघडावं. माझ्या बापाला दुसरी कोण नावानं बोलावणार होती? ती महाप्याची नुसतं 'वाडवडील' म्हणणार आणि माझा बाप बाहेर उभा राहणार. तुम्हाला हसू येईल. मला तेव्हा त्या विचारानं जेवण जात नव्हतं.

शेवटी मी ठरवलं, जाऊन मागायचं. सकाळी, गुरुवार नसताना, एकटी गेले. तो कोठाराच्या दारात उन्हात बसला होता. कोट मांडीवर. कोटाशिवाय मी त्याला पहिल्यांदाच बघितला. छाती अगदी खोल गेलेली, बरगड्या मोजून घ्या. कोटाचं बटण तुटलं होतं ते लावत होता आणि सुईत दोरा जात नव्हता. थुंकी लावतोय, डोळे बारीक करतोय, पुन्हा चुकतोय. मला त्याची कीव आली, काय सांगू. मी म्हटलं, द्या इकडं, आणि सुई ओवून दिली.

मग सगळं बोलले. बापाचं, मांडवाचं, मिरच्यांचं. रडले नाही. म्हटलं, एका दिवसापुरतं आईला सोडा. माझं लग्न झालं की पुन्हा तुमचं तुम्हाला.

तो बटण टाचत राहिला. मग अगदी सहज, शेजारी बोलतो तसं म्हणाला, "गाऊ दे की. मी कुठं तिचं त्वांड शिवलंय?"

मी म्हटलं, खरंच? सांगू तिला?

"सांग की," तो म्हणाला, आणि दोरा दातानं तोडला.

मी कशी घरी आले मला आठवत नाही. बांधावरून पळत आले, एक चप्पल चिखलात राहिली. आई गोवऱ्या थापत होती. मी तिला मागून मिठी मारली आणि सांगितलं. तिनं शेणाचे हात तसेच धरून माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता हिला आनंद होईल. ती हळूच म्हणाली, गुरुवारी विचारते.

अगं, विचारायचं काय त्यात! मी सांगतेय ना! पण नाही, गुरुवारी विचारते. मधले चार दिवस मी हवेत होते. एकदा ती पाणी भरताना नुसतं गुणगुणल्यासारखं वाटलं मला. विचारलं तर म्हणाली, छे, खोकला.

गुरुवारी शिट्टी झाली. कोठार भरलं होतं. पाटील पुढं, मामा त्याच्या मागं, कोळीवाड्यातला म्हातारा कोपऱ्यात. आई उठली आणि हात जोडून म्हणाली, बुवा, पोर म्हणते तुम्ही मला गायची मोकळीक दिली. खरं का?

सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं. त्यानं सगळ्यांकडं बघितलं. एवढी माणसं समोर, प्रत्येकानं काहीतरी सोडलेलं. एकीला परत दिलं की दुसरा उद्या होडी मागणार, तिसरा बैल मागणार. हे मला पुढं कितीतरी वर्षांनी सुचलं. तेव्हा मला वाटलं, नुसतं हो तर म्हणायचंय.

शेवटी मीच उठले. म्हटलं, तुम्ही बोललात बुवा, मी तुमची सुई ओवून दिली तेव्हा. बटण लावत होतात. ते बघा बटण, वेगळ्या दोऱ्याचं.

त्यानं बटणावर बोट ठेवलं. "सुई ओवली, खरं हाय," तो म्हणाला. "ग्वाड पोरगी हाय." मग आईकडं वळला. "पाहुणीबाई, पोरगी आईच्या मायेपायी बोलली. खोटं असलं तरी मायेचं हाय. तिच्यावर रागावू नका. तिला माफ करा."

कोठारात सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. बायकांनी माझ्याकडं कौतुकानं बघितलं. कुणीतरी माझ्या पाठीवर हात फिरवला. मी तोंड उघडलं, पण आता काहीही बोलले असते तर ते दुसरं खोटं ठरलं असतं. शिव्या दिल्या असत्या तर बिचारी लाजली म्हणाले असते. आणि त्यानं बशीतला शेवटचा घोट त्या दिवशी मला दिला. मी तो प्यायले. आई बघत होती म्हणून प्यायले. माझ्या आयुष्यात मला कुठल्या गोष्टीची लाज वाटत असेल तर त्या घोटाची.

तो जाणूनबुजून खोटं बोलला, की चार दिवसांत खरंच विसरला होता, हे मला अजून ठरवता येत नाही. बटण लावता लावता माणूस काहीही बोलून जातो. मला हे दुसरंच जास्त खरं वाटतं, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

लग्न झालं. महाप्याचीच बाई आली, गळा आणखी बसला होता. आई या वेळी घरात मिरच्या वाटत बसू शकत नव्हती, नवरीची आई ना! ती मांडवात भिंतीला पाठ लावून उभी राहिली, इतर विधवांसारखी. 'वाडवडील' आले तेव्हा मी तिच्याकडं बघितलं. ती माझ्याकडंच बघत होती आणि डोळ्यांनी सांगत होती, रडू नको, काजळ पसरेल.

पुढं दोन पावसाळ्यांनी तो गेला. रस्त्यावरून खडीचा ट्रक चालला होता, त्याला हात दाखवला आणि पनवेलच्या बाजूला निघून गेला. कुणाला काही न सांगता. मला सासरी निरोप आला आणि मी, देवाशपथ सांगते, देवळात नारळ फोडला. मला वाटलं सुटले सगळे. आता म्हातारा होडीत बसेल, पाटील बैल आणेल, आई गाईल. माहेरी जाऊन बघते तर कोठार झाडून लख्ख. गुरुवारी दुपारी शिट्टी वाजत नाही तरी सगळे जमतात, गप्प बसतात आणि घरी जातात. म्हातारा धक्क्यावर दुसऱ्यांची जाळी शिवतोय. बुवा परीक्षा बघतायत म्हणे. मी मोठ्यानं म्हटलं, अरे तो गेला, त्याला तुमची नावंसुद्धा माहीत नव्हती! तर पाटील मला समजावून सांगतो, बाय, नाव माहीत असून कोन कोनाचा होतो.

आई आणखी तीन वर्षं होती. शेवटी छातीत कफ भरायचा, बोलायला लागली की धाप. मी माझं लेकरू घेऊन महिनाभर तिच्यापाशी राहिले. एका दुपारी तिला उशीला टेकवून बसवलं आणि केस विंचरत होते. केस राहिले होते कुठं, पण तिला बरं वाटायचं. माझ्या मनात आलं, आता शेवटचं विचारते. धवला मागितला नाही मी. तेवढा दम तिला नव्हता आणि सुरुवातीच्या ओळींपलीकडं शिकायची वेळ माझ्यासाठी कधीच गेली होती. मला फक्त तिनं एवढंच मानायला हवं होतं.

म्हटलं, "आये, तो बोलला होता गो. तुझी शपथ. गाऊ दे, असंच बोलला होता."

तिनं डोळे मिटलेलेच ठेवले. माझा हात शोधून धरला, फणीसकट. बोलताना मध्ये मध्ये थांबत होती, पण आवाजात राग नव्हता, नुसती माया होती.

"ते कशाला आता मनात धरतेस, बाय," ती म्हणाली. "मी तुना कवाच माफ केलंय. बुवांनी सांगितलं तवाच."